वारज्याची दोन वर्षं

हडपसर, पुणे
१८ मे २०२५

ती. आत्यास,
अपेक्षाचा शि. सा. जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, त्याचं कारण आपलं दोन खोल्यांचं घर. इथे फोनवर बोललेलं आत आईला, बाहेर भाग्यश्रीला आणि भिंतीपलीकडे ज्ञानदेवकाकांना ऐकू येतं. त्यात तुला कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडावं लागतं. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

आधी चांगली बातमी. भाग्यश्री बारावी पास झाली. पप्पांनी कंपनीत सगळ्या शिफ्टला पेढे वाटले. तिला माझ्यापेक्षा थोडे जास्त गुण आहेत, आणि ते ती पाणी मागतानासुद्धा सांगते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैत करायचं ठरलं आहे.

आता मुख्य गोष्ट. पप्पांनी ठरवलं आहे की भाग्यश्रीला माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये घालायचं. दोघी बहिणी एका बसने जातील, एका बसने येतील, काळजी नको. जूनच्या मध्यापर्यंत प्रवेश घ्यायचा आहे. आणि मला नेमकं आत्ताच असं काही कळलं आहे की माझा पाय घराबाहेर पडत नाही.

झालं असं. आईच्या ऑपरेशननंतर घरी कोणीतरी हवं, आणि हडपसरहून वारज्याला जायचं म्हणजे स्वारगेटला बस बदलून अर्धा दिवस रस्त्यातच जातो. म्हणून मी विचार केला की बी.बी.ए.चं तिसरं वर्ष इथल्या जवळच्या कॉलेजात करावं. सहज चौकशीला गेले. ऑफिसातल्या बाईंनी माझ्या मार्कशीट बघितल्या आणि विद्यापीठ कोणतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुण्याचं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि खालच्या नावावर बोट ठेवलं. ते दुसऱ्या राज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचं नाव आहे. मी ते पहिल्या वर्षापासून बघते आहे, आत्या. प्रवेशाच्या वेळी सरांनी टाय-अप आहे असं सांगितलं होतं, आणि टाय-अप म्हणजे काहीतरी वरचं असणार असं मी धरून चालले.

तू म्हणशील, बघून प्रवेश घ्यायचा नाही का. मी बघितलं होतं. कॉलेजच्या फाटकावर नॅकची ए श्रेणी असल्याची पाटी आहे. ती मी स्वतः वाचली, पप्पांना वाचून दाखवली, आणि आईने तिच्याखाली मला उभं करून फोटो काढला. पाटी खोटी नाही. पण ती खालच्या दोन मजल्यांवरच्या सीनियर कॉलेजची आहे. आमचं इन्स्टिट्यूट तिसऱ्या मजल्यावर. संस्था तीच, फाटक तेच, पाण्याचा नळही तोच. कॉलेज मात्र वेगळं, हे मला परवा कळलं.

अजून एक. आता प्रत्येक विषयाचे क्रेडिट असतात. पास झालं की ते आपल्या नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि कॉलेज बदललं तर बरोबर नेता येतात. बाईंनी मला खातं उघडायला लावलं. खातं आहे, त्यावर माझं नाव आहे, फोटो आहे. आत काही नाही.

पप्पांना अजून सांगितलेलं नाही. आधी पूर्ण खात्री करून घेते. अर्धवट सांगितलं तर त्यांच्या जिवाला उगाच घोर लागेल. तू काय म्हणतेस ते लिही.

आईचा तुला जयभीम. चुकलं असलं तरी माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अपेक्षा


सोलापूर
२३ मे २०२५

चि. अपेक्षा हीस,
प्रेमलाआत्याचे अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तीन वेळा कळावं म्हणून, आणि चौथ्यांदा चष्मा लावून. तरी नॅक, टाय-अप आणि क्रेडिट यांतलं कोण कोणाचं काय लागतं ते समजलं नाही. माझं शिक्षण सातवी, त्यामुळे मला न समजणं रास्त आहे. तुला समजलं नाही हे जरा महागात पडलेलं दिसतं.

भाग्यश्रीला सांग, आत्याने शाबासकी दिली आहे, आणि पाणी स्वतः उठून घ्यायला सांगितलं आहे.

मी सिव्हिलला आया होते तेव्हा तिथे दोन प्रकारच्या सिस्टर असायच्या. पांढरे कपडे सारखेच, टोपी सारखीच, पेशंट दोघींनाही सिस्टरच म्हणायचा. एकीचं नाव नर्सिंग कौन्सिलात नोंदलेलं होतं. दुसरी कुठल्यातरी खाजगी क्लासातून कोर्स करून आलेली, तिचं नव्हतं. आमच्याकडे वैजयंता म्हणून एक होती, दुसऱ्या प्रकारातली. इंजेक्शन असं द्यायची की मूल रडायचं विसरायचं. पण सरकारी जागा निघाली की पहिल्या प्रकारातल्या पोरी अर्ज करायच्या आणि ती त्यांचे अर्ज भरून द्यायची, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. निवृत्त होईपर्यंत ती रोजंदारीवर होती. तिला कोणी फसवलं असंही नाही म्हणता येणार. तिने विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगते, विचार. पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू लहानपणी गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून तीनदा परत यायचीस. खात्री व्हायची वाट बघत बसलीस तर भाग्यश्रीचं लग्न होऊन जाईल. रामदासला सांगून टाक. माझा धाकटा भाऊ आहे, त्याला मी ओळखते. चिडेल, जेवणार नाही, मग सगळे झोपले की उठून डबा उघडेल. एवढंच होतं त्याचं.

प्रकृती बरी आहे. कानाचं यंत्र कपाटात आहे, त्याचीही प्रकृती बरी आहे.

आत्याची आठवण ठेव, पण रडत बसू नकोस.

तुझी आत्या,
प्रेमला


हडपसर
१ जून २०२५

ती. आत्यास,
शि. सा. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा पप्पा दारातच होते. त्यांनी पाकीट उलटसुलट बघून माझ्या हातात दिलं, आणि ताईला माझी आठवण येत नाही वाटतं, एवढंच बोलले.

तू सांगितलंस तसं विचारायला सुरुवात केली. आता पहिल्यापेक्षा कमी समजतं.

पहिल्यांदा वारज्याला आमच्या संचालक सरांकडे गेले. ते रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली. म्हणाले, आम्ही स्वायत्त आहोत, आम्हाला पुण्याच्या विद्यापीठाची गरज काय. मी खाली सीनियर कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, स्वायत्त कॉलेजला परीक्षा आणि अभ्यासक्रम स्वतःचा ठेवता येतो, पण पदवी तरी विद्यापीठच देतं. म्हणजे स्वायत्त असण्यासाठी आधी कोणाशी तरी संलग्न असावं लागतं. तुमचं इन्स्टिट्यूट कोणाशी संलग्न आहे ते मला माहीत नाही, असं सांगून त्यांनी पुस्तकांवर शिक्के मारायला घेतले.

मग मी सरांना विचारलं की नॅक आहे का. ते म्हणाले, नॅक म्हणजे कॉलेजची श्रेणी, ती नसली तरी पदवी खोटी ठरत नाही. हे खरं आहे, आत्या. मी दोन ठिकाणी वाचलं. एखाद्या साध्या कॉलेजला कुठलीच श्रेणी नसेल, पण ते विद्यापीठाशी संलग्न असेल, तर तिथली पदवी चालते. म्हणजे मी प्रवेशाच्या वेळी जी पाटी वाचली ती माझ्या कॉलेजची नव्हती, आणि असती तरी मला जे हवं होतं ते त्या पाटीवर नव्हतंच. मी इतकी काळजी घेतली, पण भलत्याच गोष्टीची.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी सरांकडून माझ्या नावनोंदणीच्या कागदाची प्रत मागून घेतली आणि बसमध्ये वाचली. त्यात शिक्षणाचा प्रकार म्हणून एक रकाना आहे. तिथे दूरशिक्षण असं छापलं आहे. आत्या, मी पहाटे उठून डबा भरून वारज्याला जात होते, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ नये म्हणून तापातही गेले, आणि कागदावर मी घरी बसून शिकत होते. स्वारगेट आलेलं मला कळलंच नाही. कंडक्टरने हटकल्यावर उतरले.

आता ही दूरशिक्षणाची पदवी चालते की नाही? एक जण म्हणतो, चालते, नियमित पदवीसारखीच मानतात. दुसरा म्हणतो, त्या विद्यापीठाला या कोर्सची परवानगी असेल तरच चालते, आणि आपल्या राज्याबाहेर असं केंद्र चालवता येतं का ते बघ. तिसरा म्हणतो, खाजगी नोकरीत कोण विचारतं. मी विद्यापीठाला ईमेल पाठवली. उत्तर आलं की आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

तिसऱ्याचं ऐकून मी एक गोष्ट केली, ती तुला आवडणार नाही. मगरपट्ट्यातल्या एका कंपनीने आमच्यातल्या काही जणींना तिसऱ्या वर्षानंतरच्या कामासाठी निवडलं होतं. मला वाटलं, त्यांना अंधारात ठेवणं बरं नाही. मी त्यांना सविस्तर लिहिलं की माझी पदवी अशा प्रकारची असेल, ती तुम्हाला चालेल का. त्यांनी आभार मानले. दोनच दिवसांनी प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव नव्हतं. माझी मैत्रीण ऋतुजा हिचं आहे. ती माझ्याच वर्गात, त्याच कागदावर शिकते. तिने काही विचारलं नव्हतं.

ऋतुजा वारज्याचीच. त्यांची शेती होती, आता तिथे इमारती आहेत. ती हसून म्हणाली की मला डिग्री लग्नपत्रिकेत कंसात टाकायला हवी आहे, कंस काय कोणीही मान्य करतं. तिने हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तिचा राग करावा असं मला वाटलं, पण जमलं नाही.

पप्पांना अजून सांगितलेलं नाही. विद्यापीठाचं नीट उत्तर आलं की सांगते.

रागावशील, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस एवढं मागते.

तुझी,
अपेक्षा


सोलापूर
६ जून २०२५

चि. अपेक्षा हीस,
अ. आ. वि. वि.

कंपनीला लिहायला तुला कोणी सांगितलं होतं? वैजयंताने विचारलं नाही म्हणून तिचं नुकसान झालं, असं मी लिहिलं, त्याचा अर्थ तू दिसेल त्याला विचारत सुटायचं असा होत नाही. ज्याला सांगायला हवं तो तुझ्या घरात, तुझ्या समोर बसून भाकरी खातो. त्याला सोडून तू गावभर सांगून मोकळी झालीस.

विद्यापीठाचं उत्तर येणार नाही. मी इतकी वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आहेत, मला न येणारी उत्तरं ओळखता येतात.

तुला जेवढं माहीत आहे तेवढं सांग. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांग. भाग्यश्रीची फी भरून झाल्यावर सांगितलंस तर तो तुला काही बोलणार नाही, आणि ते जास्त वाईट. पुढच्या रविवारपर्यंत सांगितलं नाहीस तर सोमवारच्या एस.टी.ने मी येते, आणि येताना कानाचं यंत्र लावून येत नाही. मग मी जे काही बोलेन ते ज्ञानदेवाच्या घरापर्यंत जाईल.

तुझ्या भल्याचीच,
आत्या


हडपसर
२१ जून २०२५

ती. आत्यास,
शि. सा. जयभीम. वि. वि.

सांगितलं. रविवारी नाही, शनिवारीच. पप्पा भाग्यश्रीला घेऊन वारज्याला निघाले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी दारात चप्पल घालत असतानाच सगळं एका दमात सांगितलं: पाटी, टाय-अप, रिकामं खातं, दूरशिक्षण. काय माहीत नाही तेही सांगितलं.

पप्पांनी सगळं ऐकलं. हिचा फॉर्म अजून भरलेला नाही ना, एवढं विचारलं. मी नाही म्हटल्यावर शर्ट काढून खुंटीला लावला आणि सेकंड शिफ्टला लवकरच निघून गेले. तू म्हणालीस तसे चिडले नाहीत, आणि रात्री उठून डबाही उघडला नाही. दोन दिवसांनी आईजवळ बोलले. म्हणाले, मी नववी नापास आहे, मला काय कळणार, म्हणून हिने सोलापूरला पत्रं लिहिली. आईने ते मला जसंच्या तसं सांगितलं. आत्या, मला त्यांची काळजी वाटत होती म्हणून मी सांगितलं नाही. पण हे वाक्य मी त्यांच्यासमोर म्हणू शकत नाही. म्हणताना ते खोटं वाटतं.

मग जवळच्या कॉलेजात पुन्हा गेले. हे कॉलेज साधं आहे, श्रेणीही मधलीच आहे, पण पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न आहे. तसं पत्रच त्यांनी फलकावर लावलं आहे, आणि मी ते विद्यापीठाच्या यादीशी ताडून बघितलं. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं की तिसऱ्या वर्षात घेता येणार नाही, दुसऱ्यातही नाही. जमा झालेले क्रेडिटच नाहीत, तर बदलून काय घेणार. घ्यायचंच तर पहिल्या वर्षाला, नव्याने, बी.कॉम.ला. भाग्यश्रीचाही प्रवेश तिथेच होतो आहे. म्हणजे मी तिच्या वर्गात. ती अजून यावर काही बोललेली नाही. बोलेल तेव्हा काय बोलेल याची मला भीती वाटते.

पण प्रवेशासाठी बारावीची मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला हवा, आणि ते वारज्याला अडकले होते. संचालक सर म्हणाले, तिसऱ्या वर्षाची फी भरा आणि कागद घेऊन जा. मी जिन्यात रडत होते तेव्हा ऋतुजाने बघितलं. ती मला घरी घेऊन गेली, तिच्या आजोबांपुढे. त्यांचं नाव दत्तोबा. संस्थेची ही इमारत त्यांनी दिलेल्या जमिनीवर उभी आहे. फाटकाच्या आत संगमरवरावर त्यांचं नाव कोरलं आहे. मी रोज ते वाचत होते, पण तो माणूस जिवंत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्यांना सगळं समजावून सांगताना मला घाम फुटला. त्यांनी पुन्हा पुन्हा एकच विचारलं. जमीन तर म्यां एकच दिली हाय, मग कालेजं दोन कुठून उगवली, असं त्यांचं म्हणणं. ऋतुजाच्या आजी, सासूबाईसारख्या कडक सरुआजी, आतून म्हणाल्या की तुम्ही कागदावर अंगठा देताना विचारलं असतं तर आज पोरीला विचारायची पाळी आली नसती. दत्तोबांनी काठी घेतली आणि माझ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर चढून गेले. लिफ्टने या म्हणून सांगितलं तरी चालतच गेले, प्रत्येक मजल्यावर हे कोणाचं म्हणून विचारत. संचालक सर उठून उभे राहिले. दत्तोबा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, ह्या पोरीची कागदं येईस्तोवर मी हितंच बसतो, मला घरी काय काम न्हाय. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. चहा गार व्हायच्या आत कागद आले.

ते मला सोडायला फाटकापर्यंत आले. ऋतुजाचं काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

आता एकच गोष्ट राहिली आहे. बारावीनंतर दोन वर्षं गेली, म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच असतो: सदर दोन वर्षे घरगुती अडचणीमुळे मी घरीच होते, या काळात मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही. खाली सही. कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, हेच दे, सोपं पडेल. इन्स्टिट्यूटचं नाव घेतलंस तर त्या बाहेरच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, मागावं लागेल, आणि ते यायला महिने लागतात.

मला सही करवत नाही. मी घरी नव्हते. काय करू?

तुझ्या एका ओळीच्या आधारावर बसले आहे.

तुझी,
अपेक्षा


सोलापूर
२५ जून २०२५

चि. अपेक्षा हीस,
अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

सही कर.

त्यांच्याच कागदावर तू घरी होतीस असं छापलेलं आहे, तूच मला कळवलंस. मग तू घरी होतीस असं लिहून द्यायला तुला काय होतं? दोन वर्षं गेली, आता तीन ओळींसाठी तिसरंही घालवू नकोस. माझ्याही नोकरीच्या कागदावर जन्मतारीख एक जून आहे, कारण मास्तरला तीच आवडायची. त्याने माझं काही बिघडलं नाही, फक्त वाढदिवसाला पाऊस असतो.

रामदासाशी बोललीस का? पत्रात त्याच्याबद्दल लिहितेस, त्याच्याशी बोलल्याचं काही दिसत नाही. भाग्यश्रीने एका वर्गात बसण्यावर काय मत दिलं तेही कळव, मला त्याची फार उत्सुकता आहे.

ऑपरेशनला मी येतेच आहे. तोवर शहाण्यासारखी वाग.

तुझी,
आत्या


हडपसर
११ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. जयभीम. वि. वि.

तू येणारच आहेस, तरी हे तुला तोंडी सांगताना माझा क्रम चुकेल, म्हणून लिहूनच ठेवते.

तुझं ऐकून मी टायपिंगवाल्याकडे गेले. पप्पा बरोबर होते. मी बोलावलं नव्हतं, त्यांची सुट्टी होती आणि ते गाडी घेऊन दारात उभे राहिले. टायपिंगवाल्याने मजकूर काढला, नाव घातलं, प्रिंट दिली. मी पेन टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. मागे माणसं उभी होती. शेवटी मी त्याला म्हटलं, या ओळी बदला. तो म्हणाला, ताई, पुण्यातली निम्मी मुलं या ओळींवर शिकली. मी म्हटलं, मी सांगते ते टाइप करा. मग मी सांगितलं आणि त्याने मान हलवत टाइप केलं. तो मजकूर असा आहे:

या दोन वर्षांत मी वारजे येथील एका संस्थेत रोज उपस्थित राहून बी.बी.ए.चा अभ्यास केला व चार सत्रांच्या परीक्षा दिल्या. सदर संस्थेच्या कागदांत माझी नोंद दूरशिक्षण अशी आहे. हे शिक्षण ग्राह्य आहे किंवा कसे, हे मला चौकशी करूनही समजलेले नाही.

पप्पांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि तिथेच फुटपाथवर उभे राहून वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. मग घडी घालून खिशात ठेवला.

कॉलेजात बाईंनी कपाळाला हात लावला आणि आम्हाला प्राचार्यांकडे पाठवलं. प्राचार्यांनी वाचलं, चष्मा काढला. ते म्हणाले की नेहमीचं प्रतिज्ञापत्र दिलं असतंत तर आजच प्रवेश पक्का झाला असता. आता मला मायग्रेशन मागावंच लागेल, मी डोळ्यांनी वाचल्यावर न वाचल्यासारखं करू शकत नाही. अजूनही बाहेर जाऊन बदलून आणा, मी थांबतो. ते हे वाईटपणाने म्हणाले नाहीत. मी पप्पांकडे बघितलं. मी दारात सांगितलं त्या दिवसापासून आमच्यात नीट बोलणं नव्हतं, आणि मला वाटलं, आता ते म्हणतील, कर बाई सही.

पप्पा म्हणाले, साहेब, हिला रोज पहाटे गाडीवर बस स्टॉपला मी सोडायचो. नाइट करून आलो तरी सोडायचो. ती घरी होती असं मी लिहून कसं देऊ. मला पदव्यांमधलं काही कळत नाही, पण ती कुठे होती ते मला माहीत आहे.

प्राचार्यांनी कागद पुन्हा पुढे ओढला. मग त्यांनी वर कोपऱ्यात तात्पुरता प्रवेश असं लिहिलं. सप्टेंबर अखेरपर्यंत मायग्रेशन आणून द्यायचं, नाहीतर प्रवेश रद्द.

बाहेर आल्यावर पप्पांनी मला उसाचा रस पाजला. ताईला लिही म्हणाले. आणि मग म्हणाले, पुढचं पत्र टाकायच्या आधी मला वाचून दाखव. म्हणून हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आहे. रसाचं काढून टाक म्हणाले. मी ठेवलं.

मायग्रेशनसाठी त्या विद्यापीठाला अर्ज केला आहे. दत्तोबांनीही संस्थेच्या बैठकीत विषय काढला, आणि ऋतुजा सांगते की आता तिसऱ्या मजल्यावर वेगळी पाटी लावायची चर्चा चालली आहे. त्यावर काय लिहायचं हे ठरत नाही. मायग्रेशन येईल का, मला माहीत नाही. कंपनीच्या यादीतली ऋतुजा पुढे कामाला लागली आणि मी इथे पहिल्या वर्षात उरले, तर माझंच चुकलं असं म्हणायचं का, तेही माहीत नाही. कधी वाटतं मी मूर्खपणा केला. कधी तसं वाटत नाही. दोन्ही एकाच दिवशी वाटतं.

वर्ग सुरू झाले. भाग्यश्रीने आपलं मत दिलं, तू विचारलं होतंस. पहिल्या दिवशी तिने माझ्या शेजारची जागा धरली आणि सगळ्यांना माझी ओळख करून दिली, ही माझी मोठी बहीण, हिचा हा अभ्यासक्रम आधी एकदा बाहेरून झालेला आहे, नोट्स हव्या असतील तर हिला विचारा. मुलं मला ताई म्हणतात. दोघींनी विचारूनही घेतलं की त्यांच्या मैत्रिणीने कुठे प्रवेश घेतला आहे तो बरोबर आहे का ते बघून देशील का. मी म्हटलं, काय काय विचारायचं ते सांगते, उत्तर तुम्हालाच आणावं लागेल.

आमच्या मॅडम हजेरी घेताना आडनावाने घेतात. ओव्हाळ दोन आहेत. भाग्यश्रीचं नाव शाईने लिहिलेलं आहे, माझं पेन्सिलीने, कारण मी तात्पुरती. मॅडम माझ्या नावापाशी जरा थांबतात. मी हजर म्हणते, आणि मोठ्याने म्हणते, म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

येताना कानाचं यंत्र घेऊन ये, मला तुझ्याशी हळू बोलायचं आहे. पप्पांचा आणि आईचा जयभीम. भाग्यश्री पाणी स्वतः घेते, पण माझ्यासाठी आणत नाही.

आहे तशीच माझी राहा, आत्या.

तुझी,
अपेक्षा